काय बांधायचं आणि काय राखायचं

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आमचे शिक्षक असलेल्या सरांच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर हृदयविकारावर, मधुमेहावर, कर्करोगावर व्याख्यानं झाली. मी माझा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी जरा काळजीने विचारलं, की सभागृहात महिला असतील, चालेल ना? मी म्हटलं, त्या असतील म्हणूनच हा विषय घ्यायचा. मूल होत नाही तेव्हा तपासण्या, उपास-तापास आणि नातेवाइकांचे प्रश्न हे सगळं बाईच्या वाट्याला येतं. वैद्यकशास्त्र मात्र केव्हापासून सांगतं आहे, की अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण असतं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवून या गोष्टी मराठीत उघडपणे मांडल्या. तेव्हा आज आपण संकोच बाळगण्याचं कारण नाही.

विषय आहे व्हेरिकोसील आणि त्यावरच्या शस्त्रक्रिया. वृषणातून रक्त परत नेणाऱ्या शिरांचं जाळं फुगतं, वेडंवाकडं होतं, त्याला व्हेरिकोसील म्हणतात. पुरुषाच्या वंध्यत्वाची जी कारणं शस्त्रक्रियेने दूर करता येतात, त्यांत याचा क्रमांक पहिला. एरवीच्या पुरुषांत शंभरातल्या साधारण पंधरा जणांना ते असतं. मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्यांत हे प्रमाण ३५ ते ४० पर्यंत जातं. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहायची सवय लावून घ्या. दुसरा आकडा सांगतो की या शिरांचा आणि वंध्यत्वाचा संबंध आहे. पहिला सांगतो की व्हेरिकोसील असलेल्या कितीतरी पुरुषांना काहीही उपचार न करता मुलं होतात. नुसतं 'व्हेरिकोसील आहे' म्हणून टेबलावर घेतलेला प्रत्येक रुग्ण त्या टेबलावर असायलाच हवा होता, असं नाही.

दहातले नऊ व्हेरिकोसील डाव्या बाजूला असतात, आणि त्याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. उजव्या वृषणाची शीर पोटातल्या मोठ्या महाशिरेला तिरकी जाऊन मिळते. डावीकडची मात्र बरीच वर चढून मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. रक्ताचा स्तंभ लांब, वर चढण अवघड आणि आतल्या झडपा कमजोर, म्हणून रक्त मागे येतं, साचतं. वृषण शरीराबाहेर पिशवीत असतात ते त्यांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो म्हणून. गरम रक्त तिथे साचून राहिलं की तो थंडावा जातो. त्यातून पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण येतो, शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते, त्यांच्यातल्या डीएनएचे तुकडे पडण्याचं प्रमाण वाढतं. एका बाजूच्या शिरा दोन्ही वृषणांना त्रास कशा देतात, याचं संपूर्ण उत्तर शास्त्राजवळ अजून नाही. देतात, हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उजवीकडेच, तेही अचानक, फुगवटा दिसला तर पोटात मूत्रपिंडाच्या आसपास गाठ नाही ना, हे आधी पाहायचं असतं. हे इथल्या तरुण डॉक्टरांनी विसरू नये.

आता तपासणीबद्दल, कारण सगळी मदार तिच्यावर आहे. रुग्णाला उभं करायचं. खोली उबदार हवी. गारठ्यात पिशवी आक्रसते आणि हाताला काही लागत नाही. त्याला शांत होऊ द्यायचं, मग नाक-तोंड मिटून पोटावर जोर द्यायला सांगायचं. जोर दिल्यावरच शिरा हाताला लागल्या तर पहिली श्रेणी, जोर न देता लागल्या तर दुसरी आणि नुसत्या डोळ्यांना दिसल्या तर तिसरी. डुबिन आणि अमेलार या न्यूयॉर्कच्या दोन डॉक्टरांनी १९७० मध्ये केलेली ही वर्गवारी आजही चालते. तिसऱ्या श्रेणीत हाताला गांडुळांची पुरचुंडी धरल्यासारखं लागतं, आणि ते एकदा लागलं की डॉक्टर आयुष्यात विसरत नाही. यांपैकी काहीच हाताला लागत नाही, फक्त सोनोग्राफीत शीर थोडी रुंद दिसते, अशा व्हेरिकोसीलवर वंध्यत्वासाठी ऑपरेशन करू नये. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या आणि प्रजननतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२० मध्ये एकत्र काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडे मात्र सोनोग्राफीचा कागद हातात धरून ऑपरेशनची तारीख मागणारे रुग्ण येतात. तो कागद बाजूला ठेवून आधी हाताने तपासायला दोन मिनिटं लागतात.

या आजाराचं वर्णन पहिल्या शतकात रोममध्ये सेल्ससने लिहून ठेवलं आहे. पण तो वंध्यत्वाशी जोडला गेला विसाव्या शतकात. एडिनबरोचे सर्जन सेल्बी टुलक यांनी १९५२ मध्ये एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या वीर्यात शुक्राणू अजिबात नव्हते आणि दोन्ही बाजूंना व्हेरिकोसील होतं. ऑपरेशननंतर शुक्राणू दिसू लागले आणि त्याच्या पत्नीला दिवस गेले. एका रुग्णावरून सिद्धान्त होत नसतो, पण त्या हकिगतीने जगभरच्या सर्जनांना कामाला लावलं.

शिरा बांधायच्या, हे तर सगळ्यांना ठाऊक होतं. कुठे बांधायच्या आणि बांधताना काय सोडायचं, यावर पुढची सगळी मतभिन्नता उभी राहिली.

अर्जेंटिनात ब्यूनस आयर्सला इव्हानिसेविच यांनी १९१८ मध्येच जांघेतून जाणारी पद्धत मांडली होती. जांघेवर छेद घ्यायचा, स्नायूचा पडदा उघडायचा आणि वृषणाकडे जाणारी दोरी, जिला आम्ही कॉर्ड म्हणतो, ती बाहेर काढून फुगलेल्या शिरा बांधायच्या. १९६० मध्ये त्यांनी आपला ४२ वर्षांतल्या ४,४७० ऑपरेशनांचा अनुभव छापला. एका माणसाने एकाच आजाराशी इतकी वर्षं इमान राखावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

ग्वातेमालाचे पालोमो यांनी १९४९ मध्ये वेगळा मार्ग धरला. छेद आणखी वर, पोटाच्या मागच्या भागात पोचेल असा. तिथे शिरांच्या शाखा थोड्या असतात, एक-दोन, फार तर तीन. पालोमोंनी शिरा आणि धमनी दोन्ही एकत्रच बांधल्या. वृषणाची मुख्य धमनी बांधूनही वृषण सुकत नाही, कारण वीर्यवाहिनीबरोबर येणारी एक आणि स्नायूच्या आवरणातून येणारी एक, अशा दोन छोट्या धमन्या त्याला रक्त देत राहतात. ऑपरेशन झटपट होई, शिकायला सोपं होतं आणि ते जगभर पसरलं. त्याचे दोन दोष हळूहळू पुढे आले. एक म्हणजे खालून, जांघेजवळून येणाऱ्या आडवाटेच्या शिरा वर बांधणाऱ्याच्या हाताला लागतच नाहीत. त्या नंतर फुगतात आणि व्हेरिकोसील परत येतं. दुसरा दोष लसिकावाहिन्यांचा. पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या या बारीक, पारदर्शक वाहिन्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि शिरांबरोबर बांधल्या जातात. मग द्रवाला वाट राहत नाही, तो वृषणाभोवती साचतो आणि काही महिन्यांनी रुग्ण हायड्रोसील घेऊन परत येतो. एका फुगवट्यासाठी ऑपरेशन केलं आणि दुसरा दिला, अशी ती गत.

नव्वदच्या दशकात दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली. लॅपरोस्कोपीने पोटात तीन छोटी भोकं पाडून तीच वरची शीर बांधता येते. दोन्ही बाजू त्याच भोकांतून होतात आणि धमनीही मोठी दिसते. तरी ती पालोमोंच्याच जागेवर काम करते, त्यामुळे आडवाटेच्या शिरांचा प्रश्न तिथेही उरतोच. शिवाय पूर्ण भूल लागते आणि जांघेतल्या दोन बोटांच्या कामासाठी पोटात शिरावं लागतं. दुसरीकडे सत्तरच्या दशकापासून रेडिओलॉजिस्ट मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर नेऊन आतून कॉइल किंवा औषध घालून शीर बंद करू लागले. त्यात छेद नाही, लसिकावाहिन्यांना धक्का नाही, रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. मात्र काहींत नळी नेमक्या जागी पोचतच नाही, उजवीकडे तर विशेष अवघड जातं, आणि थोडा किरणोत्सर्ग घ्यावा लागतो. एकदा ऑपरेशन होऊन व्हेरिकोसील परत आलं असेल तर मला ही पद्धत फार उपयोगी वाटते, कारण रंग सोडून काढलेल्या एक्स-रेत नेमकी कोणती शीर चुकली ते दिसतं.

आणि मग मायक्रोस्कोप. अमेरिकेतल्या मार्मर यांनी १९८५ मध्ये जांघेच्या छिद्राच्या अगदी बाहेर, स्नायूचा पडदा न उघडता, मायक्रोस्कोपखाली कॉर्ड उलगडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. न्यूयॉर्कच्या गोल्डस्टीन यांनी १९९२ मध्ये ६४० व्हेरिकोसीलचा अनुभव मांडला. व्हेरिकोसील परत येण्याचं प्रमाण ०.६ टक्के होतं आणि हायड्रोसील एकालाही झालं नव्हतं.

हे कसं घडतं, ते जवळून सांगतो. दोन-तीन सेंटिमीटरचा छेद. चरबीच्या थराखाली कॉर्ड हाताला लागते. ती उचलून तिच्याखाली रबराची पट्टी सरकवायची, म्हणजे ती वर धरलेली राहते. मग मायक्रोस्कोप आणायचा, दहा-पंधरा पट मोठं दिसेल असा. आवरण उघडलं की निळसर शिरांचा गुंता दिसतो. या पातळीवर दहा-बारा शिरा सहज असतात. त्यांच्या मध्ये, कधी शिरांना अगदी चिकटून, मिलिमीटरभर जाडीची धमनी असते. हाताळल्याने ती आकसते आणि ठोका दिसेनासा होतो. तेव्हा पापावेरिन या औषधाचे दोन थेंब टाकायचे आणि थांबायचं. थोड्या वेळाने ती धडधडू लागते. शंका असेल तर पेन्सिलीएवढ्या डॉप्लरने तिचा आवाज ऐकायचा. लसिकावाहिन्या काचेच्या बारीक तंतूंसारख्या चमकतात. त्या बाजूला करायच्या. वीर्यवाहिनी आणि तिच्याबरोबरच्या शिरा जशाच्या तशा राखायच्या, कारण पुढे वृषणातलं रक्त त्यांनीच परत जाणार आहे. मग एकेक शीर सोडवून, रेशमी धाग्याने दोनदा बांधून कापायची. शेवटी कॉर्डमध्ये धमनी, लसिकावाहिन्या, वीर्यवाहिनी आणि तिच्या शिरा एवढंच उरायला हवं. एका बाजूला तासभर लागतो. पालोमोंच्या पद्धतीने यापेक्षा कितीतरी कमी वेळात ऑपरेशन उरकतं. तो जास्तीचा वेळ सगळा राखण्यात जातो.

सरांचा यातला एक नियम मी आजही पाळतो. ऑपरेशनच्या नोंदीत 'व्हेरिकोसील बांधलं' एवढं लिहिलेलं त्यांना चालत नसे. किती शिरा बांधल्या, धमनी दिसली का आणि राखली का, लसिकावाहिन्या किती राखल्या, हे आकड्यांत लिहायला लावत. नोंद लिहिताना हात थबकला की आत पाहण्यात कसूर झाली, हे रेसिडेंटला आपोआप उमगत असे.

तुलनेकडे येतो. तुर्कस्तानच्या मर्सिन विद्यापीठातले चायान आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये हाताला लागणाऱ्या व्हेरिकोसीलवरचे ३६ अभ्यास एकत्र करून ताळा मांडला. व्हेरिकोसील परत येण्याचं प्रमाण पालोमोंच्या पद्धतीत जवळपास १५ टक्के, रेडिओलॉजीच्या पद्धतीत १२.७, लॅपरोस्कोपीत ४.३, जांघेतून नुसत्या डोळ्यांनी केल्यास २.६ आणि मायक्रोस्कोपखाली १.०५. हायड्रोसील पालोमोंच्या पद्धतीत ८.२४ टक्के, जांघेतून ७.३, लॅपरोस्कोपीत २.८, मायक्रोस्कोपखाली ०.४४. नैसर्गिकपणे दिवस जाण्याचं प्रमाण लॅपरोस्कोपीनंतर ३० टक्के आणि मायक्रोस्कोपनंतर ४२, बाकीच्या पद्धती या दोहोंच्या मध्ये.

यातले पहिले दोन ताळे मला भक्कम वाटतात, कारण त्यांचं कारण शरीररचनेत दाखवता येतं. तिसऱ्याबाबत मी सावध आहे. हे आकडे वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या हातांचे, वेगवेगळ्या वयाच्या जोडप्यांचे आहेत. मायक्रोस्कोप वापरणारा सर्जन बहुधा याच कामात मुरलेला असतो. त्याच्या यशातला किती वाटा यंत्राचा आणि किती हाताचा, हे अशा बेरजेतून कळत नाही. कुवेतमध्ये १२० रुग्णांत उघडी, लॅपरोस्कोपिक आणि मायक्रोस्कोपखालची अशा तीन शस्त्रक्रियांची थेट तुलना झाली, ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. मायक्रोस्कोपच्या गटात हायड्रोसील एकालाही झालं नाही आणि परत येण्याचं प्रमाणही सर्वांत कमी होतं. दिवस जाण्याच्या प्रमाणात मात्र तिन्ही गटांत ठाम म्हणावा असा फरक निघाला नाही. तेव्हा मायक्रोस्कोपने मूल होण्याची हमी मिळते, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. त्याने दुसऱ्या ऑपरेशनची पाळी टळते, आणि हे काही थोडं नाही.

याहून मूळचा प्रश्न म्हणजे ऑपरेशनने फायदा होतो का. जर्मनीत म्युन्स्टरला नीश्लाग यांनी १२५ जोडप्यांवर अभ्यास केला. वर्षभरात उपचार घेतलेल्यांत २९ टक्के आणि नुसता सल्ला दिलेल्यांत २५.४ टक्के गर्भधारणा झाल्या, म्हणजे फरक नाही म्हणण्याएवढाच. २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका आढाव्याने तर फायद्याचा पुरावा नाही असं म्हटलं. पण त्या आढाव्यात हाताला न लागणारं व्हेरिकोसील असलेले आणि वीर्यतपासणी चांगली असलेले पुरुषही मोजले होते. जिथे दुखणंच नाही तिथे औषधाचा गुण कसा दिसणार? सौदी अरेबियात अब्देल-मेगीद यांनी १४५ पुरुष निवडून घेतले, व्हेरिकोसील हाताला लागणारं आणि वीर्यतपासणीत दोष असलेले. २०११ मध्ये त्यांनी निकाल मांडला. ऑपरेशन केलेल्यांत ३२.९ टक्के, न केलेल्यांत १३.९ टक्के गर्भधारणा झाल्या. माझा कौल अब्देल-मेगीद यांच्या अभ्यासाच्या बाजूने आहे, आणि माझ्या लेखी त्याचं सगळ्यात मोठं श्रेय निवडीला आहे. योग्य रुग्ण निवडला नाही तर जगातला उत्तम मायक्रोस्कोपही काही करू शकत नाही.

निवड करताना पत्नीचं वय पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. एक शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणून ऑपरेशनचा परिणाम पाहायला पहिली वीर्यतपासणी तीन महिन्यांनी करतात, आणि दिवस जायला त्यानंतरही बरेच महिने लागू शकतात. पत्नी पंचविशीची असेल तर हा वेळ जोडप्याच्या हातात आहे. ती सदतीस-अडतीस वर्षांची असेल, स्त्रीबीजांचा साठा कमी असेल, तर तिचं एक वर्ष नवऱ्याच्या शिरांपायी खर्च करणं तिच्यावर अन्यायाचं ठरेल. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा चावडा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. १९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या चमूने एकच शुक्राणू बीजात सोडण्याचं इक्सी तंत्र प्रसिद्ध केलं. ही दारं उघडी आहेत आणि काहींसाठी तीच योग्य आहेत. मात्र इक्सीत इंजेक्शनं, बीज काढणं, भूल, खर्च हे सगळं पुन्हा बाईच्याच वाट्याला येतं. नवऱ्याच्या तासाभराच्या ऑपरेशनने ते टळण्याची शक्यता असेल, तर ती आधी तपासून पाहणं आपलं कर्तव्य आहे.

आपल्या भागाबद्दल थोडं बोलतो. मायक्रोस्कोप महाग आहे, तालुक्याच्या गावी तो कसा परवडणार, असं म्हणतात. पण कानाचं ऑपरेशन करणाऱ्यांकडे आणि मोतिबिंदू काढणाऱ्या डॉक्टरांकडे मायक्रोस्कोप असतोच. कानाचा मायक्रोस्कोप या कामाला चालतो; विभागांनी एकमेकांना वेळ वाटून द्यायची तयारी हवी. तोही नसेल तर डोळ्यांवर लावायची अडीच-साडेतीन पटीची भिंगं आणि हातातला डॉप्लर घेऊन जांघेतून केलेलं ऑपरेशन धमनी आणि लसिकावाहिन्या बांधून टाकणाऱ्या ऑपरेशनपेक्षा चांगलं. खरी अडचण हाताच्या सरावाची आहे. मायक्रोस्कोपखाली हात स्थिर व्हायला महिने लागतात, आणि तो सराव प्रयोगशाळेत उंदराच्या रक्तवाहिन्यांवर व्हायला हवा. रुग्णावर तो सुरू करू नये.

मित्रहो, सभागृहातल्या रुग्णांनी आणि त्यांच्या नातेवाइकांनी आपल्या डॉक्टरांना बिनदिक्कत विचारावं, की व्हेरिकोसील हाताला लागतं का, वीर्यतपासणी किमान दोनदा झाली का, ऑपरेशन कोणत्या पद्धतीने करणार आणि धमनी राखणार का. चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. तरुण सर्जनांनी सरांसारखी नोंद लिहावी आणि वर्षाच्या शेवटी आपले स्वतःचे आकडे मांडावेत, किती जणांचं परत आलं, किती जणांना हायड्रोसील झालं. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. सुनेला दवाखान्यात नेण्याचा विचार मनात आला, की मुलालाही त्याच दिवशी बरोबर न्या. वीर्यतपासणीला सुई टोचावी लागत नाही, भूल द्यावी लागत नाही, आणि सुनेच्या तपासण्यांच्या मानाने तिचा खर्च फार थोडा आहे. ती सगळ्यात आधी करा.